चपडेआक्कांनी सोडलेली हाताएवढी जागा

एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहायला घेतले आहे. प्रश्न असा : हवा दमट झाली की आमच्या संस्थेतील सागवानी टेबलाचा सगळा पृष्ठभाग दुधासारखा पांढरा पडतो, मात्र त्यातली एक हाताएवढी जागा, पाचही बोटांसकट, पांढरी पडत नाही. असे का होते? विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला या प्रश्नाचे निम्मे उत्तर देता येते. उरलेले निम्मे देण्यासाठी चपडेआक्कांविषयी सांगावे लागेल.

आक्का कोणत्याही फळीला काम सुरू करण्यापूर्वी टकटक करीत. मधल्या बोटाच्या पेराने तीनदा वाजवायचे, कान थोडा पुढे करायचा आणि थांबायचे. आपण कुणाच्या दारात उभे राहतो तसे त्या थांबत. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा विचारले, "आक्का, लाकूड पोकळ आहे का ते पाहता का?"

"पोकळ का भरीव त्ये तर डोळ्यानंबी कळतंय, मास्तर. आत कोन हाय का बघते."

"लाकडात कोण असणार?"

"दार हाय न्हवं त्ये? दार वाजवल्याबिगर आत जावं का मान्सानं?"

बोलताना त्या हसल्या नाहीत. मीही पुढे काही विचारले नाही, कारण फळी खरोखरच दाराची होती.

ती दारे आमच्याकडे कशी आली ते सांगतो. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. पेरणीच नव्हती, त्यामुळे शिरूर कासारच्या सुतारांकडे ना तिफण दुरुस्तीला येई, ना बैलगाडीचे चाक. तेव्हा सात-आठ सुतारांनी मिळून एक सहकारी संस्था काढली. अर्ज लिहिता येणारा माणूस हवा म्हणून मला सचिव केले. शाळांची बाके, कार्यालयांची टेबले, कपाटे अशी कामे मिळू लागली. नवे सागवान परवडत नव्हते. पण ऊसतोडीला गेलेली काही कुटुंबे परतत नव्हती, आणि त्यांच्या घरांचे लाकूड मागे राहिलेले नातलग विकायला आणत. त्यात सगळ्यांत चांगले लाकूड दारांचे असे. आम्ही एक जुने गोदाम घेतले होते. त्याच्या तिन्ही भिंतींना चाळीस-पन्नास दारे ओळीने उभी होती. एकाही दारामागे घर नव्हते.

एका म्हाताऱ्याचे मला अजून आठवते. त्याने बैलगाडीतून आपले दार आणले, भिंतीला टेकवून ठेवले, पायाशी दगड लावला. जायला निघाला आणि परत फिरला. दाराची कडी त्याने कोयंड्यात अडकवली, ओढून पक्की बसल्याची खात्री केली, आणि मग गेला. आम्ही सगळे ते पाहत होतो. तो दिसेनासा होईपर्यंत कुणी रंधा हातात घेतला नाही.

दुपारी वारा सुटला की या कड्या वाजत. आमचे मुख्य सुतार हरिबा मिस्त्री हे धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचे गृहस्थ. कडी वाजली की ते हमखास ओरडत, "कोन हाय बे?" आणि मग ओशाळून हसत. तरी कुणीतरी उठून बाहेर पाहून येईच. आक्का मात्र जागच्या हलत नसत.

"ज्याचं दार हाय त्यो वाजवतोय," त्या म्हणत. "तुमी कावून उटता?"

"आक्का, तुमी गप बसा बरं," हरिबा म्हणत. "मला घरी जायला वाटंत वढा लागतोय."

"वढ्यात पानी न्हाई, भूत काय प्यायला येतंय थितं?"

यावर सगळे हसत. हसू थांबले की पुन्हा एखादी कडी वाजे.

चपडा म्हणजे लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला जे पॉलिश करतात त्यात आक्कांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून त्या चपडेआक्का. हजेरीपटावर त्यांचे खरे आडनाव मीच लिहीत असे, तरी ते आठवायला मला पट उघडावा लागे. त्यांचे वडील निजामाच्या काळात हैदराबादेला मोठमोठ्या हवेल्यांतून पॉलिशचे काम करीत. मुलगा नसल्याने त्यांनी मुलीच्या हातात पॉलिशचा कापडी बोळा दिला. पुढे लग्न, शिरूर, वैधव्य. संस्था निघाली तेव्हा आक्का स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, "सुतार जमले, पर लाकडाला झळाळी कोन देनार?" बाईला कामावर घ्यावे का यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका मोडक्या स्टुलाचा पाय असा चकाकवून आणला की हरिबांनी त्यात मिशा पाहिल्या. चर्चा संपली.

त्यांची पद्धत मी वहीत लिहून ठेवली आहे. ती इथे देतो, कारण आता ती सांगणारे फारसे राहिले नाहीत. चपडा काचेच्या किंवा मातीच्या भांड्यातच भिजवायचा. लोखंडाच्या भांड्यात तो काळवंडतो. मी करून पाहिले, खरे आहे. पापुद्रे बुडतील इतके स्पिरिट घालायचे, तोंड बांधायचे, सावलीत ठेवायचे आणि मधूनमधून लिंबाच्या काडीने हलवायचे. विस्तवाजवळ न्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळायचे. पहिला हात पाण्यासारखा पातळ, पुढचे त्याहून दाट. काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून ठेवायचा. सुकल्यावर नख ओढून व्रण उठला नाही तर चपडा चांगला. प्रत्येक बाटलीवर भिजवल्याची तारीख असावी असा त्यांचा आग्रह होता. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून तारीख मी घालीत असे.

"जुना चपडा बसतो, पर सुकत न्हाई," त्या म्हणत. "म्हाताऱ्या मान्सावानी. नुसता चिकटून ऱ्हातो."

चपड्याच्या आधी भर. सागाच्या तासलेल्या फळीवरून बोट फिरवले तर बारीक बारीक चिरा लागतात. झाड जिवंत असताना याच नळ्यांतून पाणी वर चढत असते. त्या बुजवल्या नाहीत तर पॉलिश त्यांत उतरत राहते आणि पृष्ठभाग कधीच सपाट होत नाही. त्यासाठी खडूची भुकटी, लाकडाच्या रंगाला जुळेल इतका गेरू आणि पिवडी नावाची पिवळी माती पाण्यात कालवून चक्क्यासारखी घट्ट भर करतात. ती गोणपाटाने फळीच्या रेषेला आडवी घासायची. उभी घासली तर आत बसलेली भर पुन्हा बाहेर निघते. वाळली की काचकागदाने वरचे पुसून घ्यायचे.

आक्का त्या चिरांना तोंडे म्हणत. "झाड मेलंय ह्ये त्याला ठावं न्हाई, मास्तर. अजून प्यायचंच बघतंय. म्हनून त्याची तोंडं भरून घ्यायची, मंग ते गप ऱ्हातंय." पन्नास दारांच्या मध्ये उभे राहून, बाहेर विहिरी कोरड्या असताना, हे ऐकले की फळीवर ठेवलेला हात आपोआप मागे येई.

आता माझी चूक सांगतो. त्या उन्हाळ्यात गावात दोन प्रकारचे पाणी होते : टँकरचे गोडे, घरटी मोजून मिळणारे, आणि तळाला गेलेल्या विहिरींचे मचूळ, खारे. आक्कांनी भर कालवायला एक तांब्या गोडे पाणी मागितले. मी नकार दिला.

"आक्का, माणसांना प्यायला नाही. लाकडाला गोडे पाणी कसे देऊ? खारे घ्या. भर वाळली की पाणी उडून जाते. फरक काय पडतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. विद्यार्थी चुकीचे उत्तर ठासून देतो तेव्हा मी ज्या नजरेने पाहतो, ती नजर होती. "पानी उडतंय. खार कुटं उडतोय? लाकूड खारं प्यालं तर एक दिस रडंल बगा."

त्या खारे पाणीच घेऊन गेल्या. मी त्या वेळी आठवीला क्षारांचे द्रावण शिकवत होतो, हे नमूद केले पाहिजे.

आक्कांना एकच मुलगी होती, कौसा. आष्टीच्या अलीकडे एका वस्तीवर दिलेली. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, उन्हाळ्यात परतायची. घराबाहेर पडताना तिची एक रीत होती. मालट्रक येऊन उभा राहिला की डाव्या तळव्याला एरंडेल लावायचे आणि दाराच्या आतल्या बाजूला, दर वर्षी त्याच जागी, हात दाबायचा. उजव्या हातात कोयते आणि भांड्यांचे बोचके असे, म्हणून डावा. आक्कांनीच तिला हे शिकवले होते. "हात ठिवून गेलं की घर सोडून गेलं असं हुत न्हाई. घर म्हनतंय, ह्यी येनार हाय."

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी टोळी परतली, कौसा परतली नाही. कुणी म्हणाले नवरा-बायको वीटभट्टीवर गेले, कुणी म्हणाले नदी ओलांडून खाली दुसऱ्या टोळीत गेले. पत्र नाही, निरोप नाही. सासरा वारला, दीर निघून गेला. आक्का दर महिन्याला त्या वस्तीवर पायी जाऊन यायच्या. कशाला, असे विचारले तर म्हणायच्या, "दार हाय का बघून येते. दार हाय तवर ती येनार."

आणि एका सकाळी ते दार आमच्या गोदामात आले.

आणणारा दलाल कौसाच्या सासरचा कुणी नव्हता. त्याला काही ठाऊक नव्हते. इतर चार दारांबरोबर त्याने तेही उतरवले. आक्का भर कालवत होत्या. त्या उठल्या, नेहमीप्रमाणे एकेका दाराला टकटक करीत गेल्या. चौथ्या दाराशी त्यांनी तीनदा वाजवले, कान लावला, आणि मग पुन्हा तीनदा वाजवले. दुसऱ्यांदा वाजवताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

हरिबा म्हणाले, "काय वो आक्का, आतून कोन बोललं का?"

आक्कांनी दार दोन्ही हातांनी धरून फिरवले. आतल्या बाजूला, माझ्या छातीच्या उंचीवर, एक काळपट डावा हात होता. वर्षानुवर्षांच्या तेलाने लाकडात खोल गेलेला. बाहेरच्या बाजूला आक्कांचेच जुने पॉलिश होते. लेकीच्या लग्नात त्यांनी ते दार स्वतः घासून दिले होते.

हरिबांनी डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवशी वारा नव्हता, एकही कडी वाजली नाही.

बऱ्याच वेळाने आक्का मला म्हणाल्या, "आता ती कुटं यील, मास्तर?"

मी ते दार बाजूला ठेवू म्हणालो, त्यांच्या घरी पोहोचवू म्हणालो. त्यांनी मान हलवली. "माज्या खोपीला लावून काय? थितं ती हात ठिवायला येनार न्हाई. आन् नुसतं भितीला टेकवलं तर दार मरतंय. मान्सं बसत्याल, उटत्याल, बोलत्याल असं कायतरी करा त्याचं."

तेव्हा जवळच्या एका सहकारी संस्थेच्या संचालक मंडळासाठी मोठ्या टेबलाचे काम आमच्याकडे होते. आक्कांच्या सांगण्यावरून त्या दाराच्या फळ्या टेबलाच्या मधोमध बसवल्या. त्यांची एकच अट होती : हाताची बाजू खाली ठेवायची आणि तिला रंधा लावायचा नाही. हरिबांनी एरवी अशी अट ऐकून घेतली नसती. ते नुसते "बरं आक्का" म्हणाले.

भरीपासून पॉलिशपर्यंतचे काम आक्कांनी गोदामामागच्या बंद खोलीत केले. त्या वर्षी हवेत इतका धुरळा असे की उघड्यावर ओल्या चपड्यावर माती बसे. भर दुपारी खिडक्या लावून त्या आत असायच्या. दाराशी गेले की स्पिरिटचा उग्र वास येई, आणि घासण्याचा एक लयीतला आवाज : सर्र, सर्र, थांबणे. मग टकटक. मग पुन्हा थांबणे. टेबलाला पुनःपुन्हा टकटक कशासाठी, हे मला कळत नव्हते. एकदा मला वाटले की आवाज दोन येत आहेत, एक वरून आणि एक जरासा उशिरा, खालून. बंद खोलीत प्रतिध्वनी असतोच. मी तेवढ्यावर समाधान मानले आणि शाळेत गेलो.

त्याच दिवसांत त्यांनी माझ्या घरून वाटीभर एरंडेल मागून नेले होते. बोळा अडखळू नये म्हणून त्याला तेलाचा थेंब लावतात, पण ते जवसाचे असते. मी तसे म्हणालो.

"ह्ये निराळ्या कामाला हाय," आक्का म्हणाल्या.

टेबल उत्तम झाले. उचलून नेताना चार माणसांची तोंडे त्यात उलटी दिसत होती.

दसऱ्यानंतर आक्का निघाल्या. साठी उलटलेली बाई ऊस तोडू शकत नाही. एका टोळीच्या मुकादमाशी बोलून, फडावरची लेकरे सांभाळायची आणि भाकरी थापायची या बोलीवर त्यांनी जागा मिळवली होती. एका फडावरून दुसऱ्या फडावर टोळ्या हलतात, भेटतात. कुठेतरी कौसाची खबर लागेल असा त्यांचा हिशेब. मालट्रकजवळ मी आणि हरिबा उभे होतो. त्यांनी मला चपड्याच्या तीन बाटल्या दिल्या आणि कोणती आधी वापरायची ते सांगितले.

मग म्हणाल्या, "मास्तर, मी थितं हुडकनार आन् ती हितं यायची. तसंच हुतंय. ती आली तर तिला दार दिसनार न्हाई. तुमी टेबल दावा. कुटंबी आसू द्या, न्हेऊन दावा."

मी शब्द दिला.

"आन् तुमी सोता न्हेऊन दावा," त्यांनी हरिबांकडे बोट केले, "ह्येला सांगू नगा. ह्यो कोन हाय बे म्हनून वरडंल, पोरगी पळून जाईल."

हरिबांना हसू आले नाही. आक्का चढल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही.

पुढल्या वर्षी आभाळ भरून येऊ लागले. अजून थेंब पडला नव्हता, पण हवा जड झाली होती. ज्या संस्थेला टेबल दिले होते तिच्या अध्यक्षांचा निरोप आला : ताबडतोब या. मी आणि हरिबा गेलो. संचालक मंडळाची सभा सुरू होती, पण टेबलाभोवती कुणी बसलेले नव्हते. सगळे भिंतीकडेला खुर्च्या लावून बसले होते.

"मास्तर," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या टेबलाला हात फुटलाय."

सबंध टेबल दह्याच्या सायीसारखे पांढरे झाले होते. मधोमध, लाकडाच्या मूळ गडद रंगात, एक हात. कुणीतरी आतून काचेला तळवा लावावा तसा. सकाळी नव्हता, दुपारपर्यंत उमटला, असे शिपाई सांगत होता. एक संचालक म्हणाले, "मी त्याच्याफुडंच बसतो. मला वाटलं, मला थांब म्हनतोय."

टेबल परत घेऊन जा, असा ठराव तिथेच झाला. अशा रीतीने ते शिरूरला आले, आणि आमच्या कार्यालयात अजून आहे.

माझी तपासणी मी क्रमाने मांडतो. पहिली गोष्ट, पांढरेपणा. तो भरीतल्या खारामुळे. खार हवेतली ओल ओढतो, ती ओल चपड्याच्या पातळ थराखाली अडकते आणि थर दुधाळ होतो. हवा कोरडी झाली की पुन्हा स्वच्छ. आक्कांनी सांगितले होते, मी ऐकले नाही. दोष माझा आहे. दुसरी गोष्ट, हात. तेल प्यालेल्या लाकडात पाण्यात कालवलेली भर बसत नाही. भर नाही म्हणून खार नाही, खार नाही म्हणून पांढरेपणा नाही. इथवर शंका नाही.

पण कौसाचा हात खालच्या बाजूला होता. तो वर कसा आला? इंचभर जाडीच्या सागातून तेल आरपार येते का? मी आणि हरिबांनी टेबल उलटे केले. खालचा हात जागच्या जागी होता, डावा. वरचा हात, आम्ही नीट पाहिले तेव्हा, उजवा निघाला. खालच्यापेक्षा मोठा, रुंद पेरांचा. तर्जनीच्या टोकाला स्पिरिटने पडलेल्या भेगेची रेघही उमटलेली. दोन्ही हातांची अंतरे मी फळीच्या कडेपासून सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजली. बोटासमोर बोट होते, अंगठ्यासमोर अंगठा. नमस्कारात दोन तळवे जुळतात तसे ते दोन हात फळीच्या दोन बाजूंनी एकमेकांना लागलेले होते.

तेल प्यालेले लाकूड वाजवले तर बद्द वाजते, कोरडे ठणठणीत. आक्का त्या बंद खोलीत वरून टकटक करून खालचा हात शोधत होत्या, बोट न् बोट. मग भर घालण्याआधीच त्यांनी आपला हात तेलात बुडवून त्यावर ठेवला होता.

हरिबा बराच वेळ टेबलाशी उकिडवे बसून होते. उठताना म्हणाले, "मास्तर, ह्येला सुलटं करू या. खाली आक्का दबत्यात."

त्याच दिवशी मी दोन कामे केली. खालच्या हाताची बाह्यरेषा पातळ कागदावर उतरवून घेतली. आणि कोऱ्या सागाच्या फळीवर माझा स्वतःचा तळवा एरंडेल लावून दाबला, तारीख घातली, आणि फळी टेबलाच्याच खोलीत ठेवली. दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या हाताच्या ठशाला बोट लावले तर बोटाला काही लागले नाही. तेल लाकडाने पिऊन टाकले होते.

यानंतर चार वर्षे गेली. आक्का आल्या नाहीत. टोळीचा मुकादम सांगे की दुसऱ्याच वर्षी त्या एका फडावरून दुसऱ्या टोळीबरोबर गेल्या. त्यापुढे माहीत नाही. चौथ्या वर्षी दसऱ्यानंतर, गावात ऊसतोडीचे मालट्रक उभे असताना, मी शाळा सुटल्यावर कार्यालयात आलो. आत एरंडेलाचा वास होता.

हरिबा म्हणाले, "एक बाई आलती. पानी मागितलं. मी घागरीतनं आनस्तोवर गेलती."

"कशी होती? वय काय?"

"डोईवर पदर. मी तोंड न्हाई बगितलं. काय झालं?"

मी टेबलाखाली वाकलो. जमिनीवरच्या धुळीत कुणीतरी बसल्यासारखी जागा स्वच्छ झाली होती. खालच्या हाताला बोट लावले. बोट ओले झाले.

मी आणि हरिबा रस्त्यापर्यंत पळालो. दोन मालट्रक निघून गेले होते. तिसऱ्यातल्या पन्नास बाया पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या, आणि सगळ्याच आमच्याकडे पाहत होत्या. मी "कौसा" म्हणून हाक मारली. कुणी उठले नाही.

कागदावरची रेषा मी त्या हातावर लावून पाहिली. करंगळीच्या बाजूला ठसा अर्धा सूत रुंद झाला आहे. परंतु तेल लाकडाच्या रेषेने आपोआप पसरते. धूळ मांजरानेही पुसली असेल. वासाचा भरवसा देता येत नाही. आणि एरंडेल हे न वाळणारे तेल आहे, असे पुस्तके सांगतात; माझ्या फळीने ते लवकर प्याले, पण ती नवी होती. वीस वर्षे दर साल तेल पीत आलेल्या दाराने शेवटचे तेल किती दिवस वर धरून ठेवावे, हे मला नव्या फळीवरून सांगता येणार नाही. जुने दार माझ्याकडे दुसरे नाही. गोदामातली सगळी दारे केव्हाच बाके झाली.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्याकडे जुने सागवानी दार असेल, आणि त्यावर दर वर्षी तेलाचा हात पडत आला असेल, तर यापुढे तो हात देऊ नका. तारीख घाला. दर ऋतूत त्या जागी बोट लावून पाहा आणि लिहून ठेवा. सात वर्षांनी, म्हणजे कौसा शेवटचा हात ठेवून गेल्याला झाली होती तेवढ्या काळाने, बोट ओले होते की कोरडे राहते, एवढेच मला हवे आहे. ओले झाले तर त्या दिवशी कोणी आले नव्हते, असे मी लिहून ठेवीन. कोरडे राहिले तरी कळवा.